मूळ गाव कोणते?
व्यापारी घराण्यांच्या ग्रामीण पूर्वजाचा शोध

पुण्याच्या भवानी पेठेत, नाना पेठेत किंवा मार्केट यार्डात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबात ‘आपले मूळ गाव कोणते?’ असे विचारले, तर बहुधा दोन उत्तरे येतात. पहिले उत्तर तत्काळ येते. ते मारवाडातील, मेवाडातील किंवा गुजरातेतील एखाद्या गावाचे असते. तेथे कुलदेवीचे स्थान असते, लग्नानंतर जोडप्याने तेथे धोक द्यायला जायचे असते आणि त्या गावाचे नाव सांगताना स्वर थोडा उंचावतो. दुसरे उत्तर मागाहून, पुन्हा विचारल्यावर येते. घोडनदी, सुपे, इंदापूर, पाथर्डी किंवा नकाशावर शोधावे लागेल असे एखादे खेडे. ‘तेथे आजोबांच्या वडिलांचे दुकान होते,’ एवढे एक वाक्य, आणि विषय संपतो.

मारवाडातून निघालेला पूर्वज कुटुंबाला ठाऊक असतो, कारण भाटाने त्याचे नाव जपले. पुण्यात येऊन पेढी मांडणारे आजोबाही ठाऊक असतात, कारण त्यांची तसबीर भिंतीवर आहे. या दोघांच्या मधला, दख्खनच्या एखाद्या खेड्यात चाळीस-पन्नास वर्षे मीठ, तेल, कापड विकणारा, धान्य घेणारा आणि कर्ज देणारा माणूस मात्र हरवलेला असतो. घराण्याची खरी उभारणी बहुतेक वेळा त्यानेच केलेली असते. त्याचा शोध घेणे अवघड आहे, पण अशक्य नाही. तो कोठे घ्यावा, कसा घ्यावा आणि जे सापडेल त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

दोन गावांमधला माणूस

एकोणिसाव्या शतकात दख्खनेत आलेल्या व्यापाऱ्यांची रीत साधारणपणे सारखी होती. एक जण आधी येई. एखाद्या नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात गुमास्ता म्हणून राही. दोन वेळचे जेवण आणि वर्षाकाठी थोडा पगार. काही वर्षांत हिशेब, बोली आणि गिऱ्हाईक ओळखीचे झाले की जवळच्या खेड्यात स्वतःचे दुकान मांडी, मग भाऊ किंवा पुतण्याला बोलावून घेई. लग्नासाठी मारवाडात जाई आणि पुन्हा परत येई. पुण्यापर्यंत आगगाडी १८५८ मध्ये आली; दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी आलेल्यांनी हा प्रवास पायी, उंटावरून आणि बैलगाडीने केला.

अनेक घरांत येण्याचे वर्ष आकड्याने नव्हे, तर आपत्तीने लक्षात राहिले आहे. ‘छपन्याच्या दुष्काळात आलो’ असे वृद्ध सांगत, तेव्हा तो विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा राजस्थान-गुजरातेतील भीषण दुष्काळ होय. असा एक शब्दसुद्धा शोधाची दिशा ठरवतो. छपन्यात आलेला माणूस पुढे सांगितलेल्या १८७५ च्या दंग्यात असू शकत नाही. आणि जो दंग्यात होता, तो छपन्याच्या किमान चोवीस वर्षे आधी आला असला पाहिजे. घरातील दंतकथांची अशी वर्षवार मांडणी ही शोधाची पहिली पायरी आहे.

सुपे, १२ मे १८७५

पुणे जिल्ह्यातील ग्रामीण पूर्वजाचा शोध घेणाऱ्याला एका तारखेपाशी थांबावेच लागते. सुपे हे आज बारामती तालुक्यात असलेले गाव त्या काळी भीमथडी तालुक्यातील मोठी बाजारपेठ होती. १२ मे १८७५ रोजी भोवतालच्या गावांतील शेतकरी तेथे बाजाराच्या निमित्ताने जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. मागणी एकच होती: वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. कागद हाती आले, ते जाळण्यात आले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आग लागली. पुण्यातून हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. दोन महिन्यांत तीसहून अधिक गावे त्याच्या कक्षेत आली. रोष प्रामुख्याने गुजर आणि मारवाडी सावकारांवर होता. अनेक सावकार चीजवस्तू मागे टाकून गाव सोडून गेले.

ठिणगी त्याआधीच पडली होती. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने तेथील देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला, त्याचे घर ताब्यात घेतले आणि ते पाडले. गावाने त्यावर बहिष्काराने उत्तर दिले. शेत कसायला माणूस मिळेना, पाणी भरायला कोणी येईना, न्हावी दाढी करीना. कर्ड्याची ही हकिकत सरकारी कागदांत नोंदली गेली आणि आजही वाचायला मिळते.

हे असे का घडले, याची कारणे एका माणसाच्या स्वभावात सापडणार नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि कर्ज तेवढे राहिले. त्याच सुमारास जमीन-मोजणीची तीस वर्षांची मुदत संपून शेतसारा नव्याने आकारला गेला आणि तो पुष्कळ वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरवला. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेला हा कायदा उलटा फिरला. दर तीन वर्षांनी नवा रोखा होऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळू लागले. शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. अंगठा उमटवला तो कोणत्या आकड्यावर, हे त्याला समजत नसे. दुसरीकडे खेड्यातील लहान सावकारही बहुतेक वेळा शहरातील मोठ्या पेढीचा देणेकरी असे. वरून तगादा आला की तो खाली तगादा लावी.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पुढच्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला आणि तो पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, दस्तांची नोंदणी आवश्यक केली, पावती आणि हिशेब देणे सावकारावर बंधनकारक केले.

पूर्वजाच्या शोधाशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. ज्या घराण्याची वही १८७५ च्या आसपास अचानक तुटते किंवा ज्याचे दुकान त्या सुमारास एका गावातून दुसऱ्या गावी जाते, त्याने हे कारण आधी तपासावे. शिवाय १८७९ नंतरचे व्यवहार नोंदणीत आणि न्यायालयीन कागदांत सापडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा अधिक आहे. जाळलेल्या वह्यांनी एक दार बंद केले, तर त्याच घटनेतून आलेल्या कायद्याने दुसरे उघडले.

घरची वही

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. माळ्यावरच्या पेटीत, लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या अद्याप अनेक कुटुंबांत आहेत. दरसालच्या वहीपूजनाच्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि धन्ना-शालिभद्राची ऋद्धी मागितलेली असते. त्याच पानावर संवत, मिती, गाव आणि पेढीचे नाव असते. पेढीच्या नावात बहुधा बाप-लेकांची किंवा भावांची नावे जोडलेली असतात. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. आत रोकड, खाते आणि नकल यांच्या नोंदी असतात. धर्मादा खात्यावरून कुटुंब कोणत्या मंदिराला, स्थानकाला किंवा पांजरपोळीला देणगी देत होते हे कळते. लग्नखर्चाच्या खात्यावरून कोणाची सोयरीक कोठे झाली हे कळते.

अडचण लिपीची आहे. मारवाडी व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या मुडिया अथवा महाजनी लिपीत आहेत. या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असतात. ‘काका अजमेर गया’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काका आज मर गया’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली, ही गोष्ट समाजात सर्वांनी ऐकलेली आहे. विनोद बाजूला ठेवला, तरी त्यात शोधकाला इशारा आहे: मुडियातील नाव एकाच ठिकाणी वाचून निश्चित करू नये, तेच नाव तीन-चार पानांवर, वेगवेगळ्या संदर्भांत पडताळावे. ही लिपी वाचणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून अर्थ लागो वा न लागो, पानांची स्पष्ट छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत ज्यांची बिऱ्हाडे होती त्यांचे कागद एका दिवसात गेले. पेटी सुरक्षित आहे, हा भरवसा फार धरू नये.

तारखांचेही तसेच. मारवाडी वहीत विक्रम संवताचे वर्ष चैत्रात बदलते, गुजराती वहीत कार्तिकात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोन्हींत एका वर्षाचा फरक पडतो. उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रातला अमावास्येला. म्हणून मारवाडी वहीतील भादवा वदी म्हणजे मराठी पंचांगातील श्रावण वद्य. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा केले की इसवी सन मिळतो; मराठी कागदातील शकात ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. एवढे ध्यानात ठेवले नाही, तर मुलाचा जन्म बापाच्या लग्नाआधी झाल्याचे दिसू लागते.

कागद नसतील तेथे वस्तू बोलतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, गाव आणि साल कोरून घेण्याची महाराष्ट्रातली रीत या कुटुंबांनीही उचलली. लग्नात आलेल्या हंड्यावर देणाऱ्याचे गाव असते. ताटावर कधी आजीचे स्वतःचे नाव असते, जे अन्य कोणत्याही कागदावर नसते. मोडीत घालण्यापूर्वी भांडे उलटे करून पाहावे.

भाटाची वही आणि आजीची आठवण

ओसवाल व अन्य मारवाडी घराण्यांच्या वंशावळी भाटांनी आणि कुलगुरूंनी जपल्या; गुजरातकडे त्यांना वहीवंचा म्हणतात. पूर्वी ते काही वर्षांनी गावोगाव फिरत येत, नवे जन्म आणि विवाह नोंदवत आणि बिदागी घेऊन जात. या वहीचा आरंभ बहुधा आख्यायिकेने होतो. कोणी राजपूत सरदार, कोणा आचार्यांचा उपदेश, गोत्राची उत्पत्ती. श्रद्धेच्या दृष्टीने तो भाग मोलाचा आहे. पुरावा म्हणून मात्र अलीकडच्या सात-आठ पिढ्यांपाशीच थांबणे योग्य. त्या पिढ्यांत भाट कोणत्या गावी येऊन नाव लिहून गेला याची नोंद असेल, तर दख्खनमधल्या खेड्याचे नाव तेथेच हाती लागते.

या वहीची मोठी उणीव म्हणजे स्त्रिया. वंशवेल पुत्रावरून पुत्रावर जाते. कन्येची नोंद बहुधा तिच्या विवाहापाशी थांबते. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग समाजाच्या रिवाजातच आहे. सोयरीक जुळवताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची पद्धत अनेक घरांत होती. त्यामुळे ज्या आजीला पणजोबांचे गाव आठवत नाही, तिलाही पणजीचे पीहर आणि गोत्र आठवते. ग्रामीण पूर्वज एखाद्या विशिष्ट खेड्यातच का आला, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या सासरवाडीत किंवा मामाकडे असते.

आजीला ‘सन कोणते’ असे विचारून उपयोग नाही. गावाला नदी होती का, बाजार कोणत्या वारी भरे, पाणी कोठून आणत, दुकान घरातच होते की वेगळे, पर्युषणात व्याख्यान ऐकायला कोणत्या गावी जात, बाळंतपणाला कोठे गेलीस, असे प्रश्न विचारावेत. गाव न ओळखता आले, तरी बाजाराच्या वारावरून आणि नदीवरून ते शोधता येते.

धर्मजीवनानेही नोंदी ठेवल्या आहेत. मंदिरातील धातूच्या प्रतिमांच्या पाठीमागे संवत, श्रावकाचे नाव, गोत्र, गच्छ आणि अनेकदा भार्येचे नावही कोरलेले असते. धर्मशाळेच्या आणि स्थानकाच्या भिंतीवर देणगीदारांच्या फरशा असतात. त्याहून निश्चित नोंद दीक्षेची. संसार सोडणाऱ्याचे संसारपक्षाचे गाव, गोत्र आणि आई-वडील चरित्रात आवर्जून लिहिले जातात. आचार्य श्री आनंदऋषीजींचा जन्म १९०० साली अहमदनगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे गुगळे कुटुंबात झाला. त्यांचे नाव नेमिचंद. वडील देवीचंदजी, आई हुलसाबाई. १९१३ मध्ये जवळच्याच मिरी गावी त्यांनी दीक्षा घेतली. एका लहान खेड्यातील व्यापारी घरातील आईचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, ते मुलाच्या संयमजीवनामुळे. ज्या घराण्यात पूर्वी कोणी साधू वा साध्वी झाले असतील, त्यांनी दीक्षापत्रिका आणि गुरुपरंपरेची चरित्रे प्रथम पाहावीत.

गावची वही

पूर्वजाने स्वतःविषयी मुडियात लिहिले. गावाने त्याच्याविषयी मोडीत लिहिले. दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आरंभ जमिनीच्या कागदांपासून करावा. सातबारा सर्वांना परिचित आहे. शोधासाठी त्याहून उपयुक्त आहे तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. माणूस मरण पावला की वारसांची नोंद तेथे होते आणि एका नोंदीत तीन पिढ्या सापडू शकतात. या कागदांची भाषा समजून घ्यावी लागते. ‘वलद’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमुकाचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दाने पत्नी व तिच्या पतीचे नाते सांगितले जाते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडिलांच्या जागी आईचे नाव अशा रीतीने आले असेल, तर मुले लहान असताना पूर्वज वारला आणि विधवेने घर सांभाळले, हे त्या तीन अक्षरांतून कळते. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक. भावांमध्ये वडील कोण, हे त्यावरून दिसते.

जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुका’त असतात. गावच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख असते. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे महाराष्ट्रभर हे मोडी कागद बाहेर काढून तपासले गेले. काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता संगणकावरही पाहता येतात. ज्या रजिस्टरात गावातील शेतकरी आपला पणजोबा शोधत होता, त्याच रजिस्टरात खालच्या ओळीवर गावच्या दुकानदाराचाही पणजोबा आहे.

मात्र त्याचे आडनाव आजच्यासारखे असेल अशी अपेक्षा ठेवू नये. बाफना, मुथा, लुंकड, कटारिया, चोरडिया ही गोत्रनावे समाजात चालत. गावच्या कागदात तो फक्त ‘मारवाडी’, ‘गुजर’ किंवा ‘वाणी’ असतो. त्यात जैन कोण आणि वैष्णव कोण, हेही कळत नाही. अशा वेळी वडिलांचे नाव, गाव आणि वर्ष ही तीन सूत्रे जुळली तरच माणूस एक मानावा. तालुक्यांची नावेही बदलली आहेत. सुप्याचे जुने कागद भीमथडीखाली शोधावे लागतात.

पुणेकरांचे भाग्य असे की शोधाची मोठी साधने शहरातच आहेत. पुणे अभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, मोडी कागदांचे असंख्य रुमाल आहेत. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करीत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह असून पोथ्यांच्या अखेरीस पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावक कुटुंबांची नावे सापडतात. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि दंग्याच्या चौकशीचा अहवाल यांतून त्या काळच्या खेड्यातील दुकान, व्याजाचा दर, दुकानदाराचे घर आणि राहणी यांचे चित्र मिळते. तरुण पिढीपैकी एकाने जरी मोडी शिकून घेतली, तरी संपूर्ण घराण्याचे काम होते. त्याचे वर्ग पुण्यात चालतात.

सात हजार रुपये आणि तीन पिढ्या

ग्रामीण पूर्वज म्हणजे गब्बर सावकार, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. जळगाव जिल्ह्यातील वाकोद या अजिंठ्याच्या पायथ्याच्या गावात १९३७ साली भवरलाल जैन यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज मारवाडातील आगोलाई या गावाहून १८८७ मध्ये उपजीविकेच्या शोधात निघाले आणि वाकोदला स्थिरावले. १९६३ मध्ये भवरलालजींनी व्यवसाय सुरू केला तो हातगाडीवर रॉकेल विकून. त्यासाठीचे भांडवल होते सात हजार रुपये, आणि ती तीन पिढ्यांची एकत्रित बचत होती.

या दोन वर्षांमधील अंतर ७६ वर्षांचे आहे. एका मेहनती, मितव्ययी कुटुंबाने तीन पिढ्या खेड्यात घालवल्यावर शिल्लक उरली ती एवढी. पुढच्या काळातील उद्योगाचे यश सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीची ही शिल्लक त्याहून अधिक सांगते. खेड्यातील असंख्य दुकानदार याच मापाचे होते. दुष्काळ शेतकऱ्यावर आला की उधारी बुडून तो त्यांच्यावरही येई. आगोलाई, वाकोद, १८८७ आणि सात हजार हे चार तपशील त्या कुटुंबाने जपले, म्हणून आज ही कथा सांगता येते. बहुतेक घरांत यांपैकी एकही उरलेला नाही.

जमा आणि नावे

जैन परंपरेत अशा शोधाचा एक फार जुना आणि उज्ज्वल दाखला आहे. १५८६ साली जौनपूर येथे जन्मलेल्या बनारसीदास या श्रीमाळ व्यापाऱ्याने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. त्याचा आरंभ त्याने रोहतकजवळच्या बिहोली या खेड्यापासून केला. गोत्राचे नाव त्या गावावरून कसे पडले ते सांगितले. आजोबा मूलदास माळव्यात एका मोगल अंमलदाराचे मोदी होते. ते वारताच अंमलदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहान मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी गेली, हेही लिहिले. घराणे जौनपूरचे झाले ते त्या आजीमुळे. त्यानंतर बनारसीदासाने स्वतःविषयी लिहिताना तोटे, फसलेले व्यापार, तरुणपणातील वाहवत जाणे, यांतले काहीही लपवले नाही. पावणेचारशे वर्षे तो ग्रंथ विश्वासाने वाचला जातो, त्याचे कारण हा प्रामाणिकपणा आहे.

घराण्याचा इतिहास छापताना आज नेमके उलटे घडते. पूर्वज ‘दानशूर’, ‘धर्मपरायण’ आणि ‘गावाचा आधार’ असतो. वहीच्या जमेच्या बाजूला एवढे लिहून नावेची बाजू कोरी ठेवली जाते. पण मेळ एका बाजूने बसत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. दुष्काळात पेव उघडून गावाला धान्य देणारा आणि तीन वर्षांनी रोखा वाढवून घेणारा, हा एकच माणूस असू शकतो. कोर्टाच्या हुकूमनाम्याने घेतलेली जमीन फेरफारात दिसली, तर तीही नोंद कुटुंबाच्या इतिहासात यावी. त्या काळाची दुसरी बाजू समजण्यासाठी पुण्यातच राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ही वाचावा. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी आपला पूर्वज कसा दिसत होता, हे कळल्याशिवाय तो पुरता कळत नाही.

हा दृष्टिकोन बाहेरून आणावा लागत नाही. श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगताना शास्त्रकारांनी व्यापारी माणूस समोर ठेवला होता. खोटा लेख करणे म्हणजे कूटलेखक्रिया, ठेव बुडवणे म्हणजे न्यासापहार, कमी-जास्त मापाने देणे-घेणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान. खेड्यातील त्या दुकानातही हे शब्द पर्युषणाच्या व्याख्यानात ऐकले गेलेच असतील. पूर्वजाचे मूल्यमापन करायचे तर परक्या न्यायालयाच्या नव्हे, त्याने स्वतः मानलेल्या मापाने करावे. त्या मापाने तो उतरला असेल, तर त्याचे मोल खरे. कोठे कमी पडला असेल, तर तेही लिहिण्याने कुळाचा कमीपणा होत नाही.

म्हणून शोधाचा अखेरचा टप्पा कागदांत नसून गावात आहे. कुटुंबाने एकदा त्या खेड्यात जावे. शक्य तर देणगीचा फलक आणि हारतुरे न घेता जावे. पडके जोते दाखवणारे कोणीतरी भेटते. ‘मारवाड्याचा वाडा’ हे नाव वाडा पडून गेल्यावरही जागेला चिकटून असते. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या घरी तेवढीच जुनी एक आठवण असते, कधी उपकाराची, कधी डागाची. ती पुरती ऐकून घ्यावी, मध्ये सफाई देऊ नये. ऐकलेले त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे, सांगणाऱ्याच्या शब्दांत.

दरवर्षी संवत्सरीला समाजातील लहानथोर परस्परांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. बहुतेक वेळा ते आप्तांना आणि ओळखीच्यांना म्हटले जाते. ज्या गावाने पूर्वजाला दुकानापुरती जागा दिली, त्याची बोली सांभाळून घेतली, त्याच्याशी भांडणही केले, त्या गावाच्या चावडीसमोर उभे राहून एखाद्या कुटुंबाने तेच शब्द उच्चारले, तर मुलांना मूळ गाव कोणते, हे पुन्हा विचारावे लागणार नाही.